विषाणूजन्य मेंदूज्वर : ओळख, निदान आणि दक्षता

मेंदूज्वर हा शब्द कानावर पडला की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक नात्यागोत्यात अशी एखादी तरी आठवण असते. कोणाचे मूल दगावलेले असते, कोणाचे वाचलेले असते पण त्याला ऐकू येईनासे झालेले असते. त्यामुळे ही भीती निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. परंतु मेंदूज्वर हा एकच एक आजार नव्हे. त्याचे काही प्रकार एका दिवसात रोग्याचा जीव घेतात. काही प्रकार आठवड्याभरात जवळजवळ आपोआप बरे होतात. काही प्रकार असे आहेत की महिनाभर नुसती डोकेदुखी राहते आणि घरच्यांना शंकाही येत नाही. या प्रत्येकाचे कारण वेगळे आणि उपचारही वेगळा. जीवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वराबद्दल बरेच लिहिले व बोलले जाते. जीवाणूंखेरीज इतर कारणांनी होणाऱ्या मेंदूज्वराची माहिती सभासद बंधू-भगिनींना व विद्यार्थ्यांना करून द्यावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मेंदूज्वर म्हणजे नेमके काय?

आपला मेंदू व पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू यांच्याभोवती तीन पातळ आवरणे असतात. बाहेरचे आवरण जाड व चिवट असते, मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे असते आणि आतले मेंदूला अगदी चिकटून असते. मधल्या व आतल्या आवरणांच्या दरम्यान पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळत असतो. प्रौढ माणसात तो साधारण दीडशे मिलिलिटर असतो. शरीर दिवसाला सुमारे पाचशे मिलिलिटर द्रव नव्याने तयार करते आणि जुना शोषून घेते. मेंदूला धक्क्यापासून जपणे व टाकाऊ पदार्थ वाहून नेणे ही त्याची कामे होत.

या आवरणांना सूज येऊन दाह होतो, तेव्हा त्या स्थितीला डॉक्टर मेनिंजायटिस म्हणतात. जीवाणू, विषाणू, बुरशी, अमीबा, कृमी, क्वचित एखादे औषध किंवा शरीरातील दुसरा रोग, यांपैकी कशानेही ही सूज येऊ शकते. सन १९२५ मध्ये स्वीडनचे बालरोगतज्ज्ञ आर्विड वॉलग्रेन यांनी काही मुलांचे वर्णन केले. त्यांना मेंदूज्वराची सर्व लक्षणे होती, पण पाठीतील पाण्यात जीवाणू सापडत नव्हते आणि मुले थोड्या दिवसांत बरी होत होती. 'जीवाणूविरहित मेंदूज्वर' ही कल्पना वैद्यकशास्त्रात तेव्हापासून रूढ झाली. त्यातील बहुसंख्य रुग्णांमागे विषाणू असतात, हे पुढे विषाणूशास्त्राची प्रगती झाल्यावर कळले.

एक नाव, दोन आजार

मराठीत 'मेंदूज्वर' हे नाव दोन वेगवेगळ्या आजारांना दिले जाते आणि त्यातून घोटाळा होतो. आवरणाला सूज आली तर मेनिंजायटिस, आणि प्रत्यक्ष मेंदूलाच सूज आली तर एन्सेफलायटिस. पहिल्यात डोके ठणकते, मान आखडते, पण रोगी बहुधा शुद्धीवर असतो, विचारलेल्याला नीट उत्तर देतो. दुसऱ्यात वागणे बदलते, रोगी असंबद्ध बडबडतो, माणसे ओळखत नाही, त्याला झटके येतात, बेशुद्धी येते. काही वेळा दोन्ही एकत्र असतात.

आपल्याकडे ज्याला जपानी मेंदूज्वर म्हणतात तो दुसऱ्या प्रकारचा. भातशेतीच्या पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास तो पसरवतात. दुसरे उदाहरण तर आपल्या मातीतलेच आहे. सन १९६५ मध्ये नागपूरजवळील चांदीपुरा येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन संस्थेला एक नवा विषाणू सापडला आणि त्याला त्या गावाचेच नाव मिळाले. तो वाळूमाशीच्या चाव्याने पसरतो. सन २००३ मध्ये आंध्र प्रदेशात त्याच्या साथीत ३२९ मुले आजारी पडली व १८३ दगावली. २०२४ मध्ये गुजरातेतही त्याने बळी घेतले. सकाळी खेळणारे मूल संध्याकाळी बेशुद्ध, इतका त्याचा वेग असतो. म्हणून 'विषाणूचा आहे म्हणजे साधा आहे' हे समीकरण मेंदूच्या बाबतीत कोणी मांडू नये.

विषाणू कोणते व ते येतात कोठून?

आवरणाचा विषाणूजन्य दाह करणाऱ्यांत पहिला क्रमांक आतड्यात वाढणाऱ्या एन्टेरोव्हायरस कुळाचा. कॉक्सॅकी व एको हे त्यांतील नेहमीचे. कॉक्सॅकी हे नाव अमेरिकेतील एका गावाचे आहे. तेथील मुलांच्या विष्ठेत हा विषाणू १९४८ च्या सुमारास प्रथम सापडला. पोलिओचा विषाणू याच कुळातला. हे विषाणू रोग्याच्या विष्ठेतून, दूषित हातांतून, पाण्यातून व अन्नातून, तसेच खोकल्या-शिंकेतून पसरतात. लागण झालेल्या बहुतेकांना साधा ताप, घसा दुखणे किंवा जुलाब होतो, कित्येकांना काहीच होत नाही. अगदी थोड्यांत विषाणू रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. म्हणजे मेंदूज्वराच्या रुग्णाशेजारी राहणाऱ्याला विषाणूची लागण होईलही, पण त्याला मेंदूज्वरच होईल असे मुळीच नाही. रोगी बरा झाल्यावरही काही आठवडे त्याच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडत राहतो. म्हणून शौचानंतर व बाळाचे लंगोट बदलल्यानंतर साबणाने हात धुण्याला फार महत्त्व आहे.

गालगुंड हा आजार आपण हळदीचा लेप लावण्यापुरताच मनावर घेतो. परंतु गालगुंडाचा विषाणू मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो, आणि कधी कधी गाल सुजण्यापूर्वी किंवा गाल न सुजताही मेंदूज्वर होतो. सरकारी लसीकरणात २०१७ पासून गोवर व रुबेला यांची जोडलस आली. गालगुंडाचाही अंतर्भाव असलेली तिहेरी लस बालरोगतज्ज्ञांकडे मिळते.

कांजिण्यांचा विषाणू शरीरात वर्षानुवर्षे दडून राहतो व पुढे नागीण होऊन बाहेर येतो. त्याच्यामुळेही आवरणाचा दाह होऊ शकतो. हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचे दोन प्रकार आहेत. दुसऱ्या प्रकाराने होणारा आवरणाचा दाह बहुधा बरा होतो, पण काहींना तो पुन्हा पुन्हा होतो. पहिला प्रकार प्रत्यक्ष मेंदूवर हल्ला करतो आणि उपचार न झाल्यास बहुसंख्य रोगी दगावतात. एच.आय.व्ही.ची लागण झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतही विषाणूजन्य मेंदूज्वराची लक्षणे दिसू शकतात.

लक्षणे

अचानक चढलेला ताप, आजवर कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, उलट्या, उजेड सहन न होणे आणि मान ताठ होणे, ही प्रमुख लक्षणे होत. मान ताठ होणे म्हणजे हनुवटी छातीला टेकवायला गेल्यास मानेमागे व पाठीत कळ येऊन मान वाकेनाशी होणे.

तान्ह्या बाळात ही लक्षणे दिसतीलच असे नाही. बाळ दूध ओढत नाही, सारखे झोपून राहते, वेगळ्याच चिरक्या आवाजात रडते, उचलून घेतले की जास्त रडते, डोक्यावरची टाळू वर आल्यासारखी फुगते. काही बाळांचे अंग तापण्याऐवजी गार पडते. वयस्कर माणसात नुसता गोंधळलेपणा हेच पहिले लक्षण असू शकते.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. सुरुवातीच्या काही तासांत विषाणूजन्य व जीवाणूजन्य मेंदूज्वर बाहेरून सारखेच दिसतात. अनुभवी डॉक्टरलाही केवळ रोग्याकडे पाहून खात्रीने फरक सांगता येत नाही, मग घरच्यांना किंवा शेजाऱ्यांना कोठून येणार? 'व्हायरल आहे, दोन दिवसांत उतरेल' हे वाक्य साध्या तापात खपून जाते. मान ताठ झालेल्या रोग्याच्या बाबतीत तेच वाक्य प्राणघातक ठरू शकते. विषाणूजन्य हा निष्कर्ष तपासणीनंतर काढायचा असतो, तपासणी टाळण्यासाठी नव्हे.

पाठीतून पाणी काढणे : एक मोठा गैरसमज

तपासणी म्हटली की पाठीच्या मणक्यातून पाणी काढणे आले, आणि नेमक्या याच ठिकाणी नातेवाईक अडून बसतात. 'पाणी काढले की माणूस लुळा होतो', 'आमच्या गावातल्या एकाचे पाणी काढले आणि तो गेला', असे कोणीतरी सांगतो आणि सही करणारा हात मागे येतो. डॉक्टर समजावतात, घरचे 'मोठ्या भावाला विचारून सांगतो' म्हणतात, आणि या विचारविनिमयात मोलाचे तास निघून जातात.

वस्तुस्थिती अशी आहे. प्रौढ माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये घालतात. तेथे मज्जारज्जू नसतोच. असतात त्या द्रवात तरंगणाऱ्या सुट्या नसा, आणि त्या सुईसमोरून बाजूला सरकतात. काढलेले थोडे मिलिलिटर पाणी शरीर तासाभरात भरून काढते. काहींचे नंतर एक-दोन दिवस डोके दुखते, तेवढा त्रास होऊ शकतो. मेंदूतील दाब फार वाढल्याची चिन्हे असतील तर डॉक्टर आधी सी. टी. स्कॅन करून मगच सुई घालतात. जर्मन वैद्य हाइन्रिख क्विंके यांनी ही पद्धत १८९१ मध्ये मांडली, म्हणजे तिच्यामागे सव्वाशे वर्षांहून अधिक काळचा अनुभव आहे. पाणी काढल्यावर जे रोगी दगावतात, ते ज्या गंभीर आजारासाठी पाणी काढावे लागले त्या आजाराने दगावतात.

या पाण्यावरून काय कळते? जीवाणूजन्य मेंदूज्वरात पाणी बहुधा गढूळ असते, त्यात पांढऱ्या पेशी हजारोंनी असतात, प्रथिने वाढलेली व साखर घटलेली असते. विषाणूजन्य प्रकारात पाणी स्वच्छ, पेशी थोड्या व मुख्यतः लिम्फोसाइट जातीच्या, प्रथिने किंचित वाढलेली आणि साखर बहुधा योग्य प्रमाणात असते. क्षयाच्या व बुरशीच्या मेंदूज्वरात पाणी स्वच्छ दिसले तरी साखर कमी व प्रथिने जास्त असतात. म्हणजे पाणी नुसते स्वच्छ दिसले एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. अलीकडे पी.सी.आर. या तपासणीने विषाणूचा जनुकीय अंश शोधून त्याचे नावही सांगता येते.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. पुष्कळ रोगी मोठ्या दवाखान्यात पोहोचण्यापूर्वी जवळच्या डॉक्टरांकडून प्रतिजैविकाची दोन-तीन इंजेक्शने किंवा गोळ्या घेऊन आलेले असतात. त्यामुळे जीवाणू अर्धवट मरतात, पाण्यात उगवत नाहीत, आणि जीवाणूजन्य मेंदूज्वर विषाणूजन्य असल्याचा भास होतो. म्हणून आधी घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या, रिकामी पाकिटे सोबत न्यावीत व डॉक्टरांपासून काहीही लपवू नये.

उपचार

अहवाल येईपर्यंत डॉक्टर बहुधा प्रतिजैविके सुरू करतात, आणि मेंदूवर हल्ल्याची शंका असेल तर असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषधही शिरेतून देतात. यात चूक काही नाही. जीवाणूजन्य मेंदूज्वरात तासा-तासाला किंमत असते, म्हणून वाट पाहण्यापेक्षा औषध सुरू करणे शहाणपणाचे. जीवाणू नाहीत हे स्पष्ट झाल्यावर प्रतिजैविके थांबवतात. त्या वेळी 'औषध का बंद केले? पैसे नाहीत म्हणून का?' असा संशय घेऊ नये. विषाणूंवर प्रतिजैविकांचा काहीही परिणाम होत नाही. ती विनाकारण चालू ठेवल्यास खर्च व दुष्परिणाम तेवढे वाढतात.

एन्टेरोव्हायरसवर आजही खास असे औषध नाही. विश्रांती, पुरेसे पाणी किंवा सलाईन, तापासाठी व वेदनेसाठी पॅरासिटामॉल एवढ्यावर बहुतेक रोगी सात ते दहा दिवसांत बरे होतात. लहान मुलांना तापात अॅस्पिरिन देऊ नये. बरे झाल्यावरही काही आठवडे डोके जड राहणे, थकवा येणे, अभ्यासात लक्ष न लागणे असे होऊ शकते. अशा विद्यार्थ्याला आळशी ठरवू नये. त्याला थोडा अवधी द्यावा आणि शाळेतील शिक्षकांनाही तशी कल्पना द्यावी.

असायक्लोव्हिरसारखे औषध ज्यांच्या संशोधनपरंपरेतून आले त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तरुणपणी केवळ स्त्री म्हणून त्यांना शिष्यवृत्त्या व नोकऱ्या नाकारल्या गेल्या होत्या. आपल्या विद्यार्थिनींनी हे आवर्जून लक्षात ठेवावे.

बुरशी, अमीबा आणि इतर कारणे

क्रिप्टोकॉकस ही बुरशी मातीत व कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत असते व श्वासावाटे शरीरात जाते. निरोगी माणसाला ती क्वचितच बाधते. परंतु एच.आय.व्ही.मुळे किंवा इतर कारणाने प्रतिकारशक्ती खालावली असेल, तर ती मेंदूच्या आवरणात ठाण मांडते. दोन-चार आठवडे वाढत जाणारी डोकेदुखी, अधूनमधून ताप, मग दृष्टी अंधुक होणे असा तिचा क्रम असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या घातक बुरशींच्या यादीत तिला सर्वांत वरच्या गटात स्थान दिले. निदान वेळेवर झाल्यास अॅम्फोटेरिसिन व त्याच्या जोडीची औषधे उपयोगी पडतात. पण लोकलज्जेपायी एच.आय.व्ही.ची तपासणीच टाळली, तर निदान उशिरा होते. आपल्या देशात २००४ पासून एच.आय.व्ही.वरील औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. ती नियमित घेणाऱ्याची प्रतिकारशक्ती टिकते आणि या बुरशीचा धोका पुष्कळ कमी होतो. रोग्याला तुच्छ लेखणारा समाज त्याच्या मृत्यूला हातभार लावतो, हे कटू असले तरी सत्य आहे.

बुरशीचा मेंदूज्वर वैद्यकीय हलगर्जीपणातूनही होऊ शकतो. सन २०१२ मध्ये अमेरिकेत पाठदुखीवर दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांत बुरशी वाढली होती. त्यातून सातशेहून अधिक लोक आजारी पडले व साठाहून अधिक दगावले. इंजेक्शन निर्जंतुक असणे किती महत्त्वाचे, याचा हा धडा होय.

नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात वाढतो. १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्याच्यामुळे झालेल्या मृत्यूंचे वर्णन केले. केरळात २०२४ व २०२५ मध्ये त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळल्याने देशभर चर्चा झाली. तो पाणी पिण्याने बाधत नाही आणि एकाकडून दुसऱ्याला होत नाही. नाकात पाणी जोराने शिरले तर नाकाच्या छपरातून तो थेट मेंदूत जातो. रोगी वाचणे फार दुर्मीळ. तरीही २०२४ मध्ये केरळातील एक चौदा वर्षांचा मुलगा लवकर निदान व उपचार झाल्यामुळे वाचला. उन्हाळ्यात आपल्या मुलांचे विहिरी-तळ्यांत डुंबणे चालू असते. असा आजार अत्यंत विरळा असल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, परंतु गढूळ, साचलेल्या, कोमट पाण्यात सूर मारू नये, आणि जलनेतीसाठी उकळून गार केलेलेच पाणी वापरावे. विहिरीत व टाकीत टी.सी.एल. पावडर वेळच्या वेळी टाकली जाते की नाही, हे ग्रामपंचायतीला विचारणे हा आपला हक्क आहे.

याखेरीज उंदरांच्या फुप्फुसातील एका कृमीमुळे, गोगलगायीसारखे प्राणी कच्चे खाण्यात आल्यास, मेंदूज्वर होऊ शकतो. आयबुप्रोफेन किंवा सल्फाच्या काही औषधांमुळे, ल्युपससारख्या रोगामुळे किंवा कर्करोग आवरणात पसरल्यानेही तशीच लक्षणे दिसतात. औषधामुळे झालेला दाह ते औषध बंद केले की ओसरतो.

क्षयाचा मेंदूज्वर जीवाणूमुळेच होतो, म्हणून तो या लेखाच्या विषयात काटेकोरपणे बसत नाही. तरीही त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. तो हळूहळू येतो, पाणी स्वच्छ दिसते आणि म्हणून विषाणूजन्य समजला जाण्याचा धोका त्याच्याच बाबतीत अधिक. दोन आठवड्यांहून जास्त ताप व डोकेदुखी, वजन घटणे, घरात क्षयाचा रुग्ण असणे या गोष्टी डॉक्टरांना अवश्य सांगाव्यात. त्याची औषधे बहुधा नऊ ते बारा महिने घ्यावी लागतात आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात.

आपण काय करावे?

१. ताप, तीव्र डोकेदुखी व उलट्या यांबरोबर मान ताठ झाली, झटका आला किंवा रोगी असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता रोग्याला मोठ्या रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

२. अंगावर लाल-जांभळे ठिपके आले व काचेचा पेला दाबून धरला तरी ते फिके पडत नसतील, तर ती जीवाणूजन्य घातक प्रकाराची खूण असू शकते. क्षणाचाही विलंब करू नये.

३. झटका आला असता कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. रोग्याला कुशीवर वळवावे व आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात.

४. बडबडणाऱ्या रोग्याला बाहेरची बाधा झाली म्हणून देवऋषीकडे नेऊ नये. अंगाऱ्याने मेंदूची सूज उतरत नाही आणि गेलेली वेळ परत येत नाही.

५. डॉक्टरांनी पाठीतून पाणी काढण्याचा सल्ला दिल्यास शंका जरूर विचाराव्यात, पण निर्णय लवकर घ्यावा.

६. मुलांचे लसीकरण पूर्ण करावे. बी.सी.जी. व पाचगुणी लस मेंदूज्वराच्या काही प्रकारांपासून बालकांचे रक्षण करतात.

७. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी पाण्याचा पेला, टॉवेल स्वतंत्र ठेवावा व जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. खोलीतील मित्राला तीव्र ताप व डोकेदुखी असेल तर त्याला एकटे झोपवून वर्गाला निघून जाऊ नये, रेक्टरना कळवावे.

८. जीवाणूजन्य मेंदूज्वराच्या काही प्रकारांत निकटच्या माणसांना प्रतिबंधक औषध घ्यावे लागते. विषाणूजन्य प्रकारात त्याची गरज नसते. बऱ्या झालेल्या रोग्यावर किंवा त्याच्या घरावर बहिष्कार घालण्याचे तर काहीच कारण नाही.

सारांश, बहुतेक विषाणूजन्य मेंदूज्वर बरा होतो ही दिलासा देणारी गोष्ट आहे, पण तो विषाणूजन्यच आहे हे दवाखान्यात ठरायचे असते, घराच्या ओट्यावर नाही. आपल्या सभासदांपैकी प्रत्येकाने निदान वरील पहिले चार मुद्दे आपल्या शेजारच्या दोन घरांना समजावून सांगितले, तरी एखाद्या घरातील लेकरू वेळेवर रुग्णालयात पोहोचेल. एवढे झाले तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.